यहोशाफाटाचं नेमकं कुठे चुकलं? (२ इतिहास १७ ते २४)

नामीची_सून
आमच्या शास्त्राभ्यास गटात पुढच्या महिन्यात चार संध्याकाळी जुन्या करारातल्या २ इतिहासाचे १७ ते २४ अध्याय घ्यायचे आहेत. विषय एकच: वाईट संगत आणि चुकीची युती चांगल्या राजाला कुठवर नेते. शलमोनाचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे, म्हणून यहूदाचा राजा यहोशाफाट निवडला.

हा माणूस खरंच चांगला. १७व्या अध्यायात तो अशेरा देवीच्या मूर्ती काढून टाकतो. राज्याच्या तिसऱ्या वर्षी पाच सरदार, नऊ लेवी आणि दोन याजक नियमशास्त्राचा ग्रंथ घेऊन यहूदाच्या गावोगावी शिकवायला पाठवतो. असा राजा दुसरा सापडणार नाही. आणि पुढच्याच अध्यायात तो इस्राएलचा दुष्ट राजा अहाब याच्या पंगतीला बसलेला दिसतो.

माझ्या मते त्याची चूक रामोथ-गिलादच्या लढाईला जाण्यात झाली. मीखाया संदेष्ट्याने इतकं स्पष्ट सांगितल्यावरही तो गेला. तुम्हाला काय वाटतं? आणि शिकवताना हे कुठून सुरू करावं?

पहारेकरी
ताई, लढाई फार नंतरची. १८:१ पुन्हा वाचा. धन आणि वैभव भरपूर मिळालं आणि त्याने अहाबाशी सोयरीक केली, एवढं एकच वाक्य आहे. घसरण तिथे सुरू होते. मुलाचं लग्न झाल्यावर व्याह्याच्या घरचं आमंत्रण नाकारणं सोपं नसतं.

तळटीप
पहारेकरींना अनुमोदन, पण ही सोयरीक का झाली ते आधी समजून घेऊ. नाहीतर यहोशाफाट नुसता भोळा वाटतो, आणि तो भोळा नव्हता.

शलमोनानंतर राज्य दुभंगलं, उत्तरेला इस्राएल आणि दक्षिणेला यहूदा, आणि यहूदा-इस्राएल यांच्यात दोन पिढ्या लढाया चालल्या. यहोशाफाटाचा बाप आसा याच्या काळात इस्राएलचा राजा बाशा यरुशलेमेच्या उत्तरेला रामा बांधून वाट अडवत होता. आसाने काय केलं? मंदिरातलं सोनं-रुपं काढून दिमिष्कचा अरामी राजा बेन-हदाद याला पाठवलं आणि अरामी फौज बाशाच्या पाठीवर आणली (२ इतिहास १६). डाव साधला. पण हनानी द्रष्ट्याने खडसावलं तेव्हा आसाने त्यालाच कैदेत टाकलं. म्हणजे परक्याच्या बळावर टेकायची सवय घरातलीच. मुलाने फक्त टेकू बदलला, अरामाच्या जागी इस्राएल आला.

अहाबाच्या बाजूनेही पाहा. बायको ईजबेल सीदोनच्या एथबालाची मुलगी, म्हणजे पश्चिमेला समुद्रावरचा व्यापार पक्का. दक्षिणेला यहूदा जोडला की पाठ सुरक्षित. पूर्वेला अराम तेवढा उरला. रामोथ-गिलाद यार्देनपलीकडे, दिमिष्ककडून दक्षिणेला उतरणाऱ्या राजमार्गाच्या पट्ट्यात. ते ज्याच्या हाती, त्याच्या हाती त्या वाटेची नाडी. १ राजे २०:३४ मध्ये अफेकच्या पराभवानंतर बेन-हदाद घेतलेली नगरं परत करायचं कबूल करतो आणि अहाब त्याला सोडून देतो. तीन वर्षांनी रामोथ अजून अरामाकडेच आहे, म्हणून ही मोहीम.

अहाब लहान राजा नव्हता. अश्शूरच्या तिसऱ्या शल्मनेसराच्या कुर्ख शिलालेखात इ.स.पू. ८५३च्या कर्करच्या लढाईत अहाबाचे २,००० रथ आणि १०,००० पायदळ नोंदलेले आहेत. अशा शेजाऱ्याशी सलोखा करावा असं यहोशाफाटाला वाटलं, ते कुणालाही पटेल असंच होतं. चांगल्या माणसाला मोह पटणाऱ्याच रूपात येतो.

गंधसरू
मला हे सगळं एकतर्फी वाटतं. उत्तर आणि दक्षिण ही एकाच याकोबाची लेकरं. दोन पिढ्यांचं भांडण मिटवलं हे पाप कसं? १ राजे २२:४४ मध्ये यहोशाफाटाने इस्राएलच्या राजाशी सलोखा केला असं नुसतं लिहिलंय, दोष दिलेला नाही. तिथला ठपका एकच, उच्च स्थानं, म्हणजे टेकड्यांवरची पूजास्थानं, गेली नाहीत. 'युतीमुळे भरकटला' ही मांडणी 'इतिहास' लिहिणाऱ्याची. राजेच्या लेखकाने त्यावर बोट ठेवलेलं नाही.

पहारेकरी
गंधसरू, सलोखा आणि सोयरीक यांत फरक करा ना. आसालाही शेवटी लढाई थांबवता आली असती, त्यासाठी ईजबेलच्या घरातून सून आणायची गरज नव्हती. आणि राजेचा लेखक गप्प नाहीच. २ राजे ८:१८ काढा: यहोशाफाटाचा मुलगा यहोराम अहाबाच्या घराण्यासारखा वागला, *कारण* अहाबाची मुलगी त्याची बायको होती. तो लेखक कारणासकट लिहितो. फक्त बापाच्या खात्यात न लिहिता मुलाच्या खात्यात लिहितो.

गंधसरू
८:१८ चा मुद्दा मान्य. तरी भाऊबंदांशी शांतता चांगलीच, हे म्हणणं सोडत नाही.

सातारकर
वाचतोय. छान चाललंय.

जैतून
नामीची सून, तुम्ही मीखायाचा उल्लेख केलात म्हणून १८व्या अध्यायातला क्रम जरा जवळून पाहू. शिकवताना हाच भाग सगळ्यात जास्त पकड घेतो.

अहाबाची राजधानी शोमरोन, तिच्या वेशीच्या तोंडाशी खळं आहे. दोन राजे राजवस्त्रं घालून आपापल्या सिंहासनावर बसलेत. त्याआधी अहाबाने पाहुण्यासाठी आणि त्याच्या लोकांसाठी मेंढरं-बैल पुष्कळ कापलेत. पोट भरल्यावर प्रश्न येतो: माझ्याबरोबर रामोथला याल का? यहोशाफाट तिथल्या तिथे सांगतो की जसा मी तसे तुम्ही, जसे माझे लोक तसे तुमचे लोक. शब्द देऊन झाला. *नंतर* तो म्हणतो, आधी परमेश्वराचं वचन विचारून घ्या.

इथे थांबायला हवं. त्याला विचारावंसं वाटतं हे त्याचं मोठेपण. पण विचारणा शब्द दिल्यावर झाली. चारशे संदेष्टे एकमुखाने 'जा' म्हणतात. सिद्कीया लोखंडी शिंगं करून आणतो. तरी यहोशाफाटाचं मन मानत नाही, म्हणून तो आणखी कुणी आहे का विचारतो. मीखायाला आणायला गेलेला दूत वाटेतच त्याला पढवतो की सगळ्यांसारखंच चांगलं बोल. मीखाया शेवटी सांगतो की इस्राएल मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखा डोंगरांवर विखुरलेला दिसला. सिद्कीया त्याच्या गालावर मारतो. अहाब त्याला तुरुंगात टाकून कष्टाची भाकर आणि कष्टाचं पाणी द्यायला सांगतो.

आणि यहोशाफाट? थोड्या वेळापूर्वी अहाब म्हणाला होता की या माणसाचा मला तिटकारा आहे, तेव्हा यहोशाफाटाने 'राजाने असं बोलू नये' म्हणून निदान टोकलं होतं. आता परमेश्वराच्या संदेष्ट्याला त्याच्या डोळ्यांसमोर मारलं जातं, तुरुंगात नेलं जातं, आणि त्याच्या तोंडचा एकही शब्द लिहिलेला नाही. पुढचं वाक्य एवढंच की दोघे रामोथ-गिलादवर चालून गेले. संगतीचा परिणाम मला तिथे दिसतो. ज्याची स्वतःची श्रद्धा शाबूत आहे असा माणूस दुसऱ्याच्या दारात गप्प बसतो.

मोहरीचा_दाणा
चारशे जणांचा होकार आल्यावरही 'आणखी कोणी आहे का?' विचारणारा पाहुणा! अहाबाला जेवणाचा सगळा खर्च वाया गेल्यासारखं वाटलं असेल. :)

नामीची_सून
हाहा, खरंय! जैतूनताई, शब्द आधी आणि विचारणा नंतर, हा क्रम माझ्या लक्षातच आला नव्हता. पहिल्या संध्याकाळी हेच घेते.

तळटीप
शिकवणाऱ्यांची इथे एक नेहमीची गफलत होते. हे चारशे आणि कर्मेल डोंगरावरचे, बआल या परक्या देवाचे साडेचारशे संदेष्टे एकच समजले जातात. कर्मेलचा प्रसंग १ राजे १८ मधला. खळ्यावरचे चारशे परमेश्वराच्या नावाने बोलतात, सिद्कीयासुद्धा शिंगं दाखवताना 'परमेश्वर असे म्हणतो' अशीच सुरुवात करतो. ते उघड बआलाचे असते तर यहोशाफाट क्षणभरही बसला नसता. फसवणूक ओळखीच्या भाषेत होती, म्हणूनच धोका मोठा.

आणि लढाईत काय झालं तेही सांगा. अहाब वेष पालटतो आणि यहोशाफाटाला राजवस्त्रातच राहायला सांगतो. अरामाच्या राजाने रथांच्या सरदारांना (१ राजे २२:३१ प्रमाणे ३२) हुकूम दिलेला की फक्त इस्राएलच्या राजाला गाठा. म्हणजे व्याह्याने व्याह्याला निशाण म्हणून उभं केलं. यहोशाफाट ओरडतो, परमेश्वर त्याला वाचवतो. अहाबाला सहज सोडलेला एक बाण चिलखताच्या सांध्यात लागतो आणि सूर्यास्ताला तो मरतो. ही युती एकाच बाजूने पाळली जात होती, याला दुसरा पुरावा नको.

सातारकर
लग्न आणि लढाई यांत किती वर्षं गेली? मजकुरात फक्त 'काही वर्षांनी' आहे.

तळटीप
हिशेब करता येतो. वहीत मांडून पाहा.

यहूदाचा अहज्या (यहोरामाची बायको, अहाबाची मुलगी अथल्या, हिचा मुलगा) गादीवर आला तेव्हा २२ वर्षांचा, २ राजे ८:२६. त्याचा बाप यहोराम ८ वर्षं राज्य करून मेला. म्हणजे यहोराम गादीवर बसला तेव्हा अहज्या १४ वर्षांचा. यहोशाफाटाने २५ वर्षं राज्य केलं. यहोराम बापाच्या मृत्यूनंतर बसला असं धरलं तर अहज्याचा जन्म यहोशाफाटाच्या ११व्या वर्षाच्या आसपास. २ राजे ८:१६ वरून बापलेकांनी काही काळ एकत्र राज्य केलं असं धरलं तर जन्म ८व्या वर्षापर्यंत मागे जातो. लग्न त्याच्याही आधीचं.

अहाबाचा मुलगा यहोशाफाटाच्या १७व्या वर्षी गादीवर आला (१ राजे २२:५१), म्हणजे रामोथची लढाई त्याच सुमाराची. मधे किमान सहा वर्षं. नियमशास्त्र घेऊन लोक गावोगावी गेले ते तिसरं वर्ष. त्यानंतर पाच-आठ वर्षांतच अथल्या यरुशलेमेत सून म्हणून आली होती.

मोहरीचा_दाणा
पण माझ्या शास्त्रात २ इतिहास २२:२ मध्ये अहज्या ४२ वर्षांचा आहे?

तळटीप
हिब्रू हस्तलिखितांत तिथे ४२ आहे. पण बाप यहोराम ३२व्या वर्षी गादीवर बसून आठ वर्षांनी, म्हणजे चाळिशीत मेला. मुलगा बापाहून दोन वर्षांनी मोठा असू शकत नाही. नकलून घेताना झालेली चूक, २२ धरा.

गंधसरू
अवांतर: तेल-दान इथे १९९३-९४ मध्ये सापडलेला अरामी शिलालेख कुणी दाखवणार असेल तर याच धड्यात दाखवा. त्यात अरामाचा राजा इस्राएलच्या राजाला आणि 'दाविदाच्या घराण्या'च्या राजाला मारल्याचं सांगतो. नावं तुटलेली आहेत, पण अनेक अभ्यासक ती इस्राएलचा योराम (अहाबाचा मुलगा) आणि यहूदाचा अहज्या अशी जुळवतात. शास्त्रात मारणारा योरामाचाच बंडखोर सेनापती येहू आहे, तेव्हा दोन्ही ताळ्यात बसवायला चर्चा लागते. पण दोन घराणी एका दगडावर शेजारी कोरली गेली, इतकी ती एकमेकांत गुंतली होती.

जैतून
जहाजांचं कुणीच बोललं नाही. २०व्या अध्यायात मवाब-अम्मोनची फौज येते. यहोशाफाट उपास पुकारतो, लढाईत गाणाऱ्यांना सैन्यापुढे ठेवतो, आणि लूट गोळा करायला तीन दिवस लागतात. त्याच्या आयुष्यातला हा कळस. अध्याय संपता संपता तो पुन्हा अहाबाच्या मुलाबरोबर, इस्राएलच्या अहज्याबरोबर (यहूदाचा अहज्या वेगळा), भागीदारी करतो. एसयोन-गेबेरला जहाजं बांधतात. मारेशाचा अलियेजर सांगतो की या भागीदारीमुळे परमेश्वर तुझं काम मोडून टाकील. जहाजं फुटतात.

१ राजे २२:४८-४९ मध्ये हेच वेगळ्या बाजूने आहे. ओफीरच्या सोन्यासाठीची जहाजं फुटली, आणि अहज्याने 'माझी माणसं तुझ्या माणसांबरोबर जाऊ दे' म्हटलं तेव्हा यहोशाफाटाने नकार दिला. मी असं वाचते: पहिली भागीदारी बुडाली, दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा 'नाही' म्हणाला.

पहारेकरी
तो 'नाही' टिकला असता तर बरं होतं. २ राजे ३ मध्ये तो अहाबाच्या दुसऱ्या मुलाबरोबर, योरामबरोबर, मवाबाचा राजा मेशा याच्यावर निघतो. शब्द अगदी तेच, जसा मी तसा तू. अदोमच्या रानातून सात दिवस चक्कर मारतात आणि फौजेला, जनावरांना पाणी उरत नाही. पुन्हा संदेष्ट्याची आठवण तेव्हा होते. अलीशा योरामला सांगतो की यहोशाफाटाची भीड नसती तर मी तुझ्याकडे पाहिलंही नसतं. एक सोयरीक, मग एक लढाई, एक धंदा आणि वर आणखी एक लढाई. प्रत्येक वेळी त्याचा स्वतःचा जीव वाचतो.

नामीची_सून
मग किंमत कुणी मोजली?

पहारेकरी
मुलांनी आणि नातवंडांनी. २१ ते २३ अध्याय त्याचा जमाखर्च आहेत.

यहोशाफाटाने धाकट्या मुलांना सोनं-रुपं आणि तटबंदीची नगरं दिली, राज्य थोरल्या यहोरामाला. यहोरामाने बळकट होताच सहाही भावांना मारलं: अजऱ्या, यहीएल, जखऱ्या, दुसरा अजऱ्या, मीखाएल, शफट्या. अदोम फितला, लिब्ना फितली. एलीया संदेष्ट्याचं पत्र आलं, त्यात दोन्ही दोष एकत्र आहेत, अहाबाच्या घराण्यासारखा वागलास आणि स्वतःहून चांगले भाऊ मारलेस. पलिष्टी आणि अरब येऊन घर लुटतात, धाकटा सोडून सगळी मुलं नेतात. शेवटी आतड्यांच्या दुखण्याने मेला. त्याच्यासाठी लोकांनी धूपही जाळला नाही आणि राजांच्या कबरस्तानात त्याला जागा मिळाली नाही.

मग अहज्या. २२:३-४ हे या सगळ्या विषयाचं केंद्र आहे. आई त्याला वाईटाची सल्लामसलत द्यायची, आणि बापाच्या मृत्यूनंतर अहाबाच्या घरचे त्याचे सल्लागार झाले, त्यात त्याचा नाश झाला. तो त्यांच्या सल्ल्याने जातो कुठे? रामोथ-गिलादला! ज्या नगरापाशी आजोबा मरता मरता वाचला, त्याच नगरापाशी नातू अहाबाच्या मुलाबरोबर लढायला. योराम जखमी होऊन यिज्रेलला येतो, अहज्या त्याला भेटायला जातो, येहूच्या तावडीत सापडतो. एक वर्षाचं राज्य. त्याचे ४२ नातलग वाटेत मारले गेले. आणि अथल्येने उरलेला राजवंश स्वतःच संपवायला घेतला.

जैतून
इथे यहोशेबेचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. यहोरामाची मुलगी, अहज्याची बहीण, यहोयादा याजकाची बायको. या आत्याने अहज्याच्या तान्ह्या मुलाला, योवाशाला, दाईसकट बिछान्यांच्या खोलीत लपवलं आणि सहा वर्षं मंदिरात सांभाळलं. दाविदाचा वंश त्या खोलीएवढा उरला होता. त्याच वेळी यरुशलेमेत बआलाचं मंदिर उभं होतं, मत्तान नावाचा पुजारी होता (२३:१७). नियमशास्त्राची फेरी निघाली तेव्हापासून मोजलं तर चाळीस वर्षंही झाली नव्हती.

मोहरीचा_दाणा
आणि तोच योवाश पुढे राजा होऊन बिघडला. त्याला कुणाची सोयरीक नडली?

तळटीप
सोयरीक नव्हे, मुजरा. यहोयादा १३० वर्षांचा होऊन वारला. त्यानंतर यहूदाचे सरदार आले आणि त्यांनी राजाला नमन केलं, आणि राजाने त्यांचं ऐकलं (२४:१७). काय बोलले ते लिहिलेलंच नाही, वाकले एवढं लिहिलंय. आयुष्यभर वडीलधाऱ्याच्या शब्दावर चाललेल्या माणसापुढे पहिल्यांदा कुणीतरी वाकलं. मग अशेरा, मूर्ती, आणि यहोयादाचाच मुलगा जखऱ्या याला मंदिराच्या अंगणात राजाच्या हुकुमाने दगडमार. ज्या घराने वाचवलं, त्या घरातला मुलगा.

म्हणून चौथी संध्याकाळ योवाशाला द्या. यहोशाफाट बरोबरीच्या माणसामुळे वाकला, अहज्या आईमुळे, योवाश हाताखालच्या लोकांमुळे. संगत तिन्ही बाजूंनी येते.

गंधसरू
धागा संपायच्या आधी मूळ प्रश्नाकडे येतो. 'नेमकं कुठे चुकलं' याचं उत्तर देताना १९वा अध्याय वगळू नका, बहुतेक जण वगळतात. रामोथहून परत आल्यावर येहू बेन हनानी त्याला सामोरा जाऊन गाठतो आणि विचारतो, दुष्टाला मदत करावी का, परमेश्वराच्या द्वेष्ट्यांवर प्रीती करावी का? पण तुझ्यात चांगलंही सापडलंय, असंही म्हणतो. हा येहू त्याच हनानीचा मुलगा, ज्याला आसाने कैदेत टाकलं. बापाने द्रष्ट्याला तुरुंगात घातलं, मुलगा द्रष्ट्याच्या मुलाला हात लावत नाही. उलट बैर-शेब्यापासून एफ्राइमच्या डोंगराळ प्रदेशापर्यंत लोकांत फिरतो, नगरोनगरी न्यायाधीश नेमतो, लाच आणि तोंड पाहून न्याय करू नका म्हणून बजावतो. भाऊबंदांशी शांतता हवी या माझ्या मताला हा अध्याय जवळचा वाटतो, पण एक गोष्ट कबूल करावी लागते. न्यायाधीश नेमता आले, जहाजांना नकार देता आला. सून मात्र घरात होती, आणि नातू तिच्या मांडीवर वाढत होता.

नामीची_सून
सगळ्यांचे मनापासून आभार. आराखडा असा धरते.
पहिली संध्याकाळ: १७ आणि १८:१-३, सोबत आसाचा १६वा अध्याय आणि तळटीप यांचा वर्षांचा हिशेब फळ्यावर.
दुसरी: खळ्यावरचा प्रसंग आणि रामोथ, लगेच १९वा.
तिसरी: २० मधली जहाजं, २ राजे ३, आणि २१-२२.
चौथी: यहोशेबा, अथल्या, योवाश.
राजे आणि इतिहास दोन्ही शेजारी उघडे ठेवायला सांगते.

पहारेकरी
तिसरीला फार भरलंय. २१-२२ ला पूर्ण तास लागतो, नावांतच लोक अडकतात: दोन यहोराम, दोन अहज्या, मेव्हणे-मेव्हणे आणि मामा-भाचे. आधी दोन घराण्यांची वंशावळ कागदावर काढून वाटा, अथल्येच्या नावाभोवती गोल करा. जहाजं दुसऱ्या संध्याकाळच्या शेवटी घेतलीत तर जमेल.